भरोशाची यादी

९ सप्टेंबर

दादा,

तीन वर्षांनी पत्र लिहितेय, आणि तेही कामासाठी. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं तू म्हणण्याआधी मीच म्हणून टाकते. तुरुंगातून तुला ज्यांना फोन करता येतो त्यांच्यातून माझा नंबर मीच काढायला लावला होता. आई तर फोन वापरतच नाही. त्यामुळे आता पत्राशिवाय वाट नाही.

आई तुला भेटायला येते तेव्हा मी कुठे काम करते ते तिने सांगितलं असेलच. घरात मार खाऊन, जीव मुठीत धरून निघालेल्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना आमची संस्था आसरा देते. चार घरं आहेत. ती कुठे आहेत ते मोठ्या बाई, मी आणि त्या त्या घरची सांभाळणारी, एवढ्यांनाच ठाऊक. ऑफिस मात्र उघड आहे, एका छापखान्याच्या वर दोन खोल्या. खाली मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक वेब ॲप्लिकेशन चालतं, ते मी सांभाळते. कोण कुठल्या घरात, कुणाचं औषध, कुणाची शाळा, घरांचे पत्ते, सगळं त्यात, प्रत्येक घराचं वेगळं पान. नोंदी साठवलेल्या असतात भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या सर्व्हरवर. मागच्या सोमवारी सकाळी आमचं ॲप्लिकेशन त्या सर्व्हरशी बोलायलाच तयार होईना. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: समोरच्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही, साखळी पूर्ण होत नाही. बंद करून चालू केलं, तारीख-वेळ तपासली. ढिम्म फरक नाही.

यातलं तुझ्याइतकं कळणारं माझ्या ओळखीत कोणी नाही. तुला ते कसं कळतं आणि त्यापायीच तू आत कसा गेलास हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, उगाळत बसत नाही.

समजा, कोणी ते प्रमाणपत्र आमच्या मशीनच्या भरोशाच्या यादीत घालून टाकलं, तर अडचण सुटते ना? मग मागे काही धोका राहतो का? नुसतं समजा म्हणतेय.

तुझी धाकटी


१४ सप्टेंबर

प्रिय ठके,

हे नाव आता चालतं का माहीत नाही, पण दुसरं कुठलं लिहायला हात वळेना.

तुझं पत्र फोडून, वाचून, शिक्का मारून माझ्यापर्यंत आलं. इथे टपाल वाचणारे एक कारकून आहेत. म्हणाले, "बहिणीचं अक्षर मोत्यासारखं आहे हो. पण ही साखळी कसली?" त्यांना समजावता समजावता माझा चहा निवला. तुला मात्र नीट सांगतो.

प्रमाणपत्र म्हणजे ओळखपत्र. तो दूरचा सर्व्हर ते पुढे करतो आणि म्हणतो, मीच तो. त्यावर सही असते एका कार्यालयाची. त्या कार्यालयाच्या ओळखपत्रावर आणखी वरच्याची. ही झाली साखळी. सगळ्यात वरच्या काही थोरांची नावं तुमच्या मशीनमध्ये आधीच लिहिलेली असतात, ती भरोशाची यादी. साखळी चढत जाऊन त्यातल्या एकाला टेकली की काम सुरू. नाही टेकली की तुला दिसली ती ओळ.

बहुतेक वेळा कारण फालतू असतं. मुदत संपलेली असते, नाव बदललेलं असतं, नाहीतर सर्व्हर मधली एक कडी पाठवायला विसरलेला असतो. ती कडी त्यांच्याकडून मागून घ्यायची, संपलं. पण कधी कधी समोर खरा सर्व्हरच नसतो. वाटेत कोणीतरी ठाण मांडून बसलेला असतो. तुमच्याशी तो सर्व्हर म्हणून बोलतो, सर्व्हरशी तुम्ही म्हणून. मधलं सगळं वाचतो. त्याने ओळखपत्र घरी छापलेलं असतं, म्हणून साखळी कुठेच टेकत नाही. तेव्हा ती ओळ म्हणजे दारातलं कुत्रं भुंकतंय असं समज. आणि ते घरचं प्रमाणपत्र यादीत घालणं म्हणजे कुत्र्याला गप्प करून चोराला किल्ल्या देणं.

तेव्हा प्रमाणपत्र उघड आणि सही कुणाची आहे ते वाच. प्रत्येकाचा एक ठसा असतो, आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळ. सर्व्हरवाल्यांना फोन कर. करारावर छापलेल्या नंबरवर कर, कोणी तोंडी सांगितलेल्या नाही. त्यांच्याकडचा ठसा अक्षर न् अक्षर जुळवून घे. तोवर कशालाच हो म्हणू नकोस.

मी बरा आहे. इथे कॉम्प्युटरचा वर्ग घेतो. त्याबद्दल शिक्षेत सूट मिळालीय, मार्चमध्ये बाहेर येईन.

आणि तुझं "समजा" मला चांगलं माहीत आहे. "समजा बरणी फुटली तर?" असं तू आईला विचारायचीस तेव्हा तुकडे आधीच पलंगाखाली गेलेले असायचे. काय झालंय ते लिही.

दादा


१९ सप्टेंबर

दादा,

बरणी फुटली आहे. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच.

सोमवारी अडलं आणि मंगळवारी एक माणूस आला. नेटच्या कंपनीतून आलोय म्हणाला, गळ्यात कार्ड होतं. त्याच्या आधीच्या शनिवारीही येऊन गेला होता म्हणे. मी नव्हते. लाइन तपासायची आहे म्हटल्यावर मोठ्या बाईंनीच राउटरचं कपाट उघडून दिलं होतं. मला म्हणाला, "ताई, या भागात सुरक्षेचं नवीन काम झालंय. काही ऑफिसांना प्रमाणपत्राचा त्रास होतोय. तुम्हाला होतोय का?" मी दीड दिवस लॉगशी डोकं आपटत होते. मला वाटलं, देवच पावला. त्याने पेन ड्राइव्हमधून एक फाइल दिली, यादीत कशी घालायची ते सांगितलं. मी घातली. सगळं सुरळीत सुरू झालं.

माणूस वाईट नव्हता रे. पन्नाशीचा, हळू बोलणारा. घाई म्हणून नाही. आमच्या भिंतीवरचं घड्याळ वर्षभर बंद होतं. ते बघून म्हणाला, "बंद घड्याळाखाली बसून काम करू नये." खिशातून सुईसारखा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि उभ्या उभ्या पाच मिनिटांत चालू करून दिलं. मोठ्या बाईंनी त्याला चहा पाजला. चहा पिताना स्क्रीनकडे बघत त्याने विचारलं, "ही पानं रोज उघडावी लागतात का हो?" मी म्हटलं, घरांची पानं महिनाअखेरीला, किराणा पाठवताना. त्याने मान डोलावली, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

तरी मनात पाल चुकचुकली, म्हणून तुला लिहिलं. तू सांगितल्यावर सही बघितली. नेट कंपनीचंच नाव आहे. सर्व्हरवाल्यांना दोन दिवस फोन लावला, कोणी उचलला नाही. मग एका बाईबरोबर कोर्टात जावं लागलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "चालतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढतेस?"

तेव्हा बहुतेक सगळं ठीक आहे. तू उगाच घाबरवतोस असं वाटतंय. उद्या परवा पुन्हा फोन लावून बघते.

ठकी


२३ सप्टेंबर

ठके,

हे पत्र हातात पडेल तिथून उठ. राउटरची केबल उपट. कपाटात बघ, जी वस्तू तू लावलेली नाहीस ती काढ. त्या माणसाने दिलेलं प्रमाणपत्र यादीतून काढून टाक. सही कुणाच्या नावाची आहे याला काडीची किंमत नाही, नाव कोणीही लिहू शकतो. सगळे पासवर्ड दुसऱ्या ठिकाणाहून बदल.

घरांची पानं उघडू नका. महिनाअखेर असली तरी नाही. किराणा कागदावर लिहून द्या.

कारण विचारू नकोस, आत्ता नुसतं कर.

तो बोलताना तुझ्या मनगटाकडे बघत होता का?

दादा


१ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र काल, तीस तारखेला मिळालं. पाकिटावर शिक्का आहे, "तपासणीसाठी रोखले". तुझ्या मोत्यासारखं अक्षर म्हणणाऱ्या कारकुनांना "केबल उपट" ही सांकेतिक भाषा वाटली असावी.

केबल उपटली. राउटरच्या मागे, वायरींच्या जाळ्यात, काड्यापेटीएवढी काळी डबी होती. दोन्ही बाजूंनी वायर जोडलेली. इतकी नीट बांधलेली की मी कपाट दहा वेळा उघडलं असतं तरी ती तिथलीच वाटली असती. सर्व्हरवाल्यांचा फोन अखेर लागला. ठसा जुळवला. पहिल्याच अक्षरापासून वेगळा. त्यांच्याकडे काहीही बदल झालेला नाही. नेट कंपनीने आमच्याकडे कोणालाच पाठवलेलं नाही.

आणि दादा, परवा एकोणतीस तारीख होती. मी तिसऱ्या घराचं पान उघडलं. पत्ता, नावं, मुलांच्या शाळा, सगळं त्या डबीतून गेलं. बाकीच्या तीन घरांची पानं काल उघडणार होते, ती वाचली.

पोलिसात तक्रार दिली. त्यांनी डबी ठेवून घेतली आणि म्हणाले, तज्ज्ञांकडे पाठवू. मोठ्या बाईंना वाटतं, कोणी भुरटा असेल, देणगी देणाऱ्यांची नावं हवी असतील. तिसऱ्या घरात पाच बायका, चार मुलं आहेत. एकीला आठवा महिना. "कुणीतरी काहीतरी वाचलं एवढ्यावरून मी त्यांना रस्त्यावर कशी काढू?" असं त्या म्हणतात. त्यांचंही चूक नाही. हलवायचं तर कुणापासून हलवायचं, ते तरी कळायला हवं.

हो. तो मनगटाकडे बघत होता. मी मनाशी म्हटलं, हा माझ्या बांगडीकडे काय बघतोय.

कोण आहे तो? तुझा जुना जोडीदार? तुला दोन ओळींत कळलं आणि तू मला कारण विचारू नकोस म्हणालास. मी आता विचारतेय.


५ ऑक्टोबर

ठके,

तुझं पत्र सकाळी दहाला मिळालं. साडेदहाला मी जेलर साहेबांपुढे उभा होतो. त्यांनी माझ्यासमोर तुमच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडे मोठ्या बाई होत्या. म्हणजे हे वाचशील तेव्हा तुला सगळं कळलेलं असेल. तरी माझ्या तोंडून ऐक.

आम्ही त्याला घड्याळवाला म्हणायचो. बाहेर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बायकोचा हात दोन ठिकाणी मोडला म्हणून आत आला. दीड वर्ष माझ्या खोलीत होता. कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाशी भांडला नाही. कुणी बोलायला लागलं की चेहऱ्याआधी मनगट बघायचा, घड्याळ कुठलं, चालतंय का. तो आत असताना बायको मुलीला घेऊन निघून गेली. आज जेवायला काय होतं ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात त्याने मला ते सांगितलं. वर म्हणाला, "सापडेल, मास्तर. घाई करणाऱ्याच्या हातून स्प्रिंग तुटते."

माझ्या वर्गात तो पहिल्या बाकावर बसायचा. बाकीच्यांना टायपिंग येण्याची मारामार. याने एकदा विचारलं, "समोरचा खरा आहे, हे मशीनला कळतं कसं?" ठके, तीन वर्षांत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी फुशारलो. प्रमाणपत्रं, साखळी, यादी, सगळं शिकवलं. मग त्याने विचारलं, "आणि फसतं कसं?" तेही शिकवलं. फळ्यावर आकृत्या काढून, दोन महिने. इथे तो विषय शिकवायला मनाई आहे. मी त्याला जुन्या दोन मशीनवर करूनही दाखवलं. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

आणि त्याच दिवसांत आई भेटून गेली होती. मी खोलीत येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझी बहीण असल्या बायकांना लपवणाऱ्या संस्थेत आहे, तिथला कॉम्प्युटर तीच बघते. त्याने हातातलं पुस्तकही खाली ठेवलं नाही. जूनमध्ये तो सुटला.

तुझ्या पत्रात घड्याळाचं वाचलं आणि तो कोण ते कळलं. त्याच दिवशी जेलर साहेबांकडे जायला हवं होतं. गेलोही होतो त्यांच्या दारापर्यंत. पण काय शिकवलं ते सांगावं लागणार, म्हणजे सूट जाणार, मार्च जाणार. दारातून परत फिरलो आणि तुला पत्र टाकलं. पत्र तीन दिवसांत पोचेल, असा हिशेब केला. माझ्यावर विसंबून तू पान उघडलं नाहीस असं गृहीत धरून बारा दिवस जेवलो, झोपलो, वर्ग घेतला.

जे झालं असेल ते लिही. काहीही झालं असलं तरी लिही.

दादा


१७ ऑक्टोबर

दादा,

लिहिते.

जेलर साहेबांचा फोन आला तेव्हा मी बाईंच्या शेजारीच उभी होते. त्या नुसतं "हो, हो" करत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. फोन ठेवून त्यांनी तिसरं घर सांभाळणाऱ्या काकूंना लावला. "घराच्या आसपास कोणी नवीन माणूस दिसलाय का?"

काकू म्हणाल्या, "छे हो. समोरच्या बस थांब्यावर एक जण बसलेला असतो तेवढा. तीन दिवस झाले. बसची वाट बघतो बिचारा."

"अहो काकू, तीन दिवस कुठल्या बसची वाट?"

काकू फोन घेऊन खिडकीशी गेल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ता पण आहे."

त्याची बायको आमच्याकडे पंधरा महिने आहे. शिवणकाम करते, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. काकूंनी तिला पडद्याआडून बघायला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. "तेच आहेत," म्हणाली. "मी माहेरी गेले होते तेव्हा अकरा दिवस बसले होते समोर. बाराव्या दिवशी आई बाजारात गेली, तेव्हा आत आले." एवढं बोलून ती मुलीचे कपडे घड्या घालायला लागली.

घराच्या मागच्या भिंतीला एक लाँड्री आहे. तिथल्या मालकाला मी पाया पडून सांगितलं. त्याने एक प्रश्न विचारला नाही. मागच्या दाराला गाडी लावली आणि चादरींच्या गाठोड्यांत एकेकीला बसवून नेलं, चार खेपांत. आठव्या महिन्यातलीला पहिल्यांदा, घड्याळवाल्याच्या बायकोला आणि मुलीला शेवटी, कारण त्यांची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती आणि ती रिकामी दिसून चालणार नव्हती. शेवटच्या खेपेपर्यंत ती त्या खिडकीत मशीनवर शिवत बसली होती, दादा. समोर तो दिसत असताना. सव्वातीन वाजता उठली.

चारला तो रस्ता ओलांडून आला. लाँड्रीवाल्याने गल्लीच्या कोपऱ्यावरून बघितलं. बेल वाजवली, पायपुसण्यावर पाय पुसले, थांबला. पुन्हा वाजवली. मग कुलूप उघडून आत गेला. तोडलं नाही, उघडलं. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि पुन्हा कुलूप लावून चालत गेला. सकाळी बोलावलेले पोलिस साडेचारला आले. आत काहीच विस्कटलेलं नव्हतं. फक्त मुलीची एक वही सापडत नाही. वहीवर शाळेचं नाव होतं. शाळा दुसऱ्याच दिवशी सोडवली. तो अजून सापडलेला नाही.

मी नोकरी सोडायला निघाले होते, बाईंनी सोडू दिली नाही. म्हणाल्या, "कपाट मी उघडून दिलं होतं. दोघींनी निस्तरू." नव्या घरांचे पत्ते आता कुठल्याच कॉम्प्युटरवर नाहीत.

तुझा मार्च गेला, हे जेलर साहेबांनी फोनवर बाईंना सांगितलं. आईला मी सगळं सांगितलं. ती दिवसभर घर आवरत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "सांगितलं ना त्याने शेवटी?" मी म्हटलं, हो, बारा दिवसांनी. ती म्हणाली, "मागच्या खेपेला, पोलिसांनी धरलं तेव्हा, तर त्याने कधीच सांगितलं नव्हतं." तू तिचा मुलगा आहेस, ती असंच मोजणार. मला अजून तसं मोजता येत नाही. तुझं पाच तारखेचं पत्र मी फाडलं नाही, एवढंच सांगू शकते.

आता शेवटचं. आई तुला जी पत्रं पाठवायची त्यांवरचा पत्ता त्याने दीड वर्ष बघितलाय. माझा चेहरा तर त्याने समोर बसून बघितलाय. म्हणून आम्ही दोघींनी घर सोडलं. नवा पत्ता तुला देणार नाही. तुझ्यावर राग आहे म्हणून नाही, तो तर आहेच. तुझ्या हातात आलेला कागद आणखी कुणाकुणाच्या हातातून जातो ते मला माहीत नाही, म्हणून. आई भेटायला येणार नाही. मी अधूनमधून लिहीन, दर वेळी दुसऱ्या गावाच्या पेटीत टाकीन. तुला उत्तर देता येणार नाही. तू सुटशील तेव्हा आम्ही कुठे असू ते तुला कोणी सांगणार नाही. जेलर साहेबांना विचारू नकोस, त्यांनाही माहीत नाही.

घर बरं आहे. ऊन येतं. घेताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, खिडकीसमोरच बस थांबा आहे. बस येऊन गेली की माझ्याही नकळत मी उठते आणि बघते, बाकावर कोणी मागे राहिलंय का.

ठकी